धर्मशाळेलाही वही असते

मागच्या लगनसराईत भाचीचा बस्ता बांधायला आम्ही गांधीनगरला गेलो होतो. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या बाईला गांधीनगर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मानापानाच्या साड्या, आहेराचे शर्टपीस, रुखवताच्या चादरी, सगळं एका फेरीत. दुकानदार बहुतेक सिंधी, पण मराठी बोलणार ते पक्क्या कोल्हापुरी ठसक्यात. साड्यांचा ढीग समोर पडलेला असताना भाचीनं मला हळूच विचारलं, "मावशी, इथे एवढे सिंधी आले कुठून गं?"

गल्ल्यावरच्या काकांनी ते ऐकलं. वय ऐंशीच्या घरात. म्हणाले, "आम्ही आलो फाळणीत. मी आईच्या कडेवर होतो. आणि आमच्या आधी या जागेवर पोलंडची माणसं राहायची. ती गेली, त्यांच्या खोल्या आम्हाला मिळाल्या." मग थोडं थांबून म्हणाले, "वडील वाटेतच गेले. रेशनकार्ड आईच्या नावानं झालं. ते कार्ड तिनं मरेपर्यंत देव्हाऱ्यात ठेवलं होतं."

भाचीला पोलंडचं काही माहीत नव्हतं. मला होतं, कारण माझ्या सासूबाई सांगायच्या. त्या तेव्हा शाळकरी होत्या. वळिवडे कॅम्पातल्या गोऱ्या बायका बाजारात यायच्या, आधी खुणेनं आणि नंतर मोडक्यातोडक्या मराठीत भाव करायच्या. "गोऱ्या असून गरीब असतात हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं," असं त्या म्हणायच्या.

हा इतिहास खरं तर प्रत्येक मराठी मुलीला शाळेत शिकवायला हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला रशियानं पूर्व पोलंड व्यापला आणि लाखो पोलिश माणसांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं. १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली, पण परतायला देश उरला नव्हता. त्यातली काही माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. गुजरातेत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोरक्या मुलांना आसरा दिला. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत उभी राहिली. त्यात बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त, कारण धडधाकट पुरुष सैन्यात. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बालवीरांची पथकं होती. १९४८ पर्यंत ती वसाहत रिकामी झाली आणि त्याच जागेवर सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली. तेच आजचं गांधीनगर.

वॉर्सा शहरात कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे जाऊन अभिवादन केलं, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांची मान ताठ झाली. व्हायलाच हवी. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. आज तीच पोलिश बाई, दोन मुलांना घेऊन, आपल्या दारात आली तर? तिला कोणत्या कायद्याखाली आसरा देणार आपण?

उत्तर सोपं आहे. असा कायदाच आपल्याकडे नाही.

प्रत्येकाला वेगळा न्याय

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं हिंसा, छळ, युद्ध यांच्यामुळे घरदार सोडून बसलेली होती. म्हणजे साधारण एका अख्ख्या महाराष्ट्राएवढी. त्यातले सात कोटींहून अधिक जण स्वतःच्याच देशात विस्थापित. सगळ्यात मोठं संकट सुदानचं. आणि आपला समज काहीही असो, ही माणसं मुख्यतः युरोप-अमेरिकेत जात नाहीत. बहुतेक जण शेजारच्याच देशात जातात, आणि तो शेजारीही बहुधा गरीबच असतो. संकट आलं की माणूस आधी शेजाऱ्याचं दार वाजवतो, तसंच हे.

भारतानं हे दार अनेकदा उघडलेलं आहे. १९५९ नंतर तिबेटी आले. थंडीत गावोगाव स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहतही आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली. तेव्हा आपण टाकलेल्या पत्रांवर निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जास्तीचं तिकीट लावावं लागे, हे आज साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. १९८३ नंतर श्रीलंकेतून तमिळ आले. अफगाण आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावल्यावर चिन लोक मिझोराममध्ये आले. रोहिंग्या आले.

पण यातल्या प्रत्येकाला वेगळा न्याय. तिबेट्यांना नोंदणीपत्र, श्रीलंकन तमिळांना तामिळनाडूत छावण्या आणि सरकारी मदत, अफगाणांना दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं कार्ड, ज्याला आपल्या कायद्यात भक्कम आधार नाही. रोहिंग्यांच्या हातीही तेच कार्ड, पण सरकारच्या लेखी ते बेकायदा घुसखोर. १९५१ चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार आहे, त्यावर भारतानं सही केलेली नाही. १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानं पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट करून दिली. श्रीलंकेचे तमिळ त्यात नाहीत, म्यानमारचे चिन नाहीत, आणि तालिबानच्या भीतीनं पळालेली मुसलमान अफगाण मुलगीही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन एक नवा कायदा आला. त्यातही 'निर्वासित' कोण, हे कुठेच सांगितलेलं नाही. काही गटांना आदेश काढून सूट दिली आहे, एवढंच.

मिझोरामची गोष्ट तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं सीमेवरच्या राज्यांना कळवलं, की निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही, येणाऱ्यांना रोखा. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, की ही आमच्याच रक्ताची माणसं आहेत, आम्हाला त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. आणि मिझो गावांनी खरोखरच पाठ फिरवली नाही. तीस हजारांहून जास्त माणसांना त्यांनी सामावून घेतलं. पण दिल्लीच्या कागदावर ती माणसं कोण आहेत, याचं नीट उत्तर कुणाकडेच नाही.

धर्मशाळा

१९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण आलं होतं. दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा भोगलेल्या एका श्रीलंकन तमिळ माणसाला देश सोडायचा आदेश होता. परत गेलो तर जिवाला धोका आहे आणि माझी बायको-मुलं इथेच आहेत, असं त्याचं म्हणणं. ते मान्य झालं नाही. सुनावणीत न्यायालय म्हणालं, की भारत ही काही जगभरच्या निर्वासितांची धर्मशाळा नाही.

हा शब्द मोठा गाजला. घरोघरी लोकांनी माना डोलावल्या. त्या माणसाचा गुन्हा पाहता निकालाबद्दल मतभेद होऊ शकतात, त्यात मी शिरत नाही. पण 'धर्मशाळा' या शब्दावर मी अडले. पंढरपूरला, आळंदीला आपण उतरतो त्या धर्मशाळा आठवून बघा. दारातच कचेरी असते. वही असते. नाव, गाव, माणसं किती, किती दिवस राहणार. भिंतीवर पाटी असते, किती दिवस राहता येईल, काय केलेलं चालणार नाही. जागा नसेल तर व्यवस्थापक तसं सांगतो, पण सांगतो. धर्मशाळेलाही वही असते हो! आपल्या देशाकडे या बाबतीत ती वहीसुद्धा नाही. दारावर त्या दिवशी कोण बसलंय आणि त्याचा मूड कसा आहे, यावर सगळं अवलंबून.

मूड बदलला की काय होतं, ते ऑगस्ट २०२१ मध्ये दिसलं. १५ तारखेला काबूल पडलं. २० तारखेला अफगाण संसदेच्या सदस्य रंगीना कारगर इस्तंबूलहून दिल्ली विमानतळावर उतरल्या. त्यांच्याकडे राजनैतिक पासपोर्ट होता, त्याच पासपोर्टवर त्या आधीही इथे येऊन गेलेल्या. पण त्यांना आत घेतलं नाही, परत पाठवलं. मग बोभाटा झाला, सरकारनं चूक झाल्याचं सांगितलं, तातडीचा व्हिसा देऊ केला. एका खासदार बाईची ही गत! २५ ऑगस्टला आणखी एक आदेश निघाला. अफगाणांना आधी दिलेले आणि ते भारताबाहेर असलेले सगळे व्हिसे रद्द, आता नव्यानं ई-व्हिसा मागा. पुण्यात किती अफगाण मुलंमुली शिकतात, हे पुणेकरांना सांगायला नको. सुट्टीत घरी गेलेल्यांचा परतीचा रस्ता एका रात्रीत बंद झाला. अफगाणिस्तानात मुलांना निदान कॉलेज तरी होतं. मुलींना डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं विद्यापीठाचं दारही बंद केलं.

तिला वेगळं विचारा

आता आपल्या पुरवणीचा, म्हणजे बाईचा प्रश्न.

१९५१ च्या करारात निर्वासित ठरवण्याची पाच कारणं आहेत. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. बाई असणं हे कारण त्यात नाही. करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पुरुषच होता, सरकारविरुद्ध बोललेला आणि पळालेला. बाईला पळावं लागतं ते अनेकदा वेगळ्या कारणानं. शाळेत जायचं म्हणून, लग्न नाकारलं म्हणून, शत्रूच्या बायका नासवणं हेच लढाईचं हत्यार झालं म्हणून. पुढे अभ्यासकांनी आणि न्यायालयांनी 'सामाजिक गट' या शब्दाच्या फटीतून बाईला आत घेतलं. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अर्जदार अफगाण आहे आणि बाई आहे, एवढं पुरेसं धरता येईल. तिच्यावर वैयक्तिक काय गुदरेल, हे वेगळं सिद्ध करायला लावण्याची गरज नाही. करार झाल्यापासून एवढं कळायला त्र्याहत्तर वर्षं लागली.

आणि गंमत अशी, की आपल्या गृहमंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीत छळाच्या कारणांच्या यादीत लिंग हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. निर्वासित म्हणून आलेल्या परदेशी माणसाचा दावा सकृद्दर्शनी खरा वाटला, तर त्याला दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो, नोकरी आणि शिक्षणाची परवानगी देता येते. म्हणजे जे जागतिक कराराला सुचलं नाही, ते आपल्या बाबूंनी कागदावर आणलं! पण ती कार्यपद्धती आहे, कायदा नाही. ती पाळली नाही म्हणून कुणाला जाब विचारणं अवघड. आणि अर्धवट इंग्रजी येणाऱ्या, कडेवर पोर असलेल्या बाईला तर अशी काही कार्यपद्धती आहे हे कळणंच मुश्कील.

कायदा म्हणजे आपोआप न्याय, असं मात्र मी म्हणत नाही. फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांसाठी आपण १९४९ मध्ये कायदा केला होता. हेतू संरक्षणाचाच. सीमेच्या अलीकडे-पलीकडे अडकलेल्या हजारो बायका-मुली त्यातून सापडल्या, अनेकींची नरकातून सुटका झाली, हे खरं. पण त्या कायद्यात एक खोट होती. १ मार्च १९४७ नंतर घरच्यांपासून तुटलेली आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाकडे राहणारी कोणत्याही वयाची बाई 'अपहृत' धरली जाई, आणि तिला परत जायचंय की नाही हे तिच्यावर सोडलेलं नव्हतं. ज्यांचा तिथे संसार झाला होता, मुलं झाली होती, ज्या रडून 'नको' म्हणत होत्या, त्यांनाही पोलिसांच्या गाडीत बसवलं गेलं. एकदा घर सुटलं होतं ते हिंसेनं, दुसऱ्यांदा सुटलं ते संरक्षणानं. म्हणून कायदा हवा, पण त्यात पहिलं कलम असं हवं, की तिला वेगळं बसवून, तिच्या भाषेत, शक्यतो बाईनं विचारावं. नवऱ्याच्या अर्जाच्या शेपटाला तिचं नाव जोडून मोकळं होऊ नये. मारहाण करणारा नवराच जर कार्डाचा मालक असेल, तर त्याला सोडण्याचं धाडस ती परक्या देशात कुठून आणणार?

देशातच परके

हे सगळं परदेशी बायकांचं झालं, असं वाटत असेल तर मणिपूरकडे बघा. ३ मे २०२३ पासून तिथे मैतेई आणि कुकी-झो समाजांमध्ये जो वणवा पेटला, त्यात अडीचशेहून अधिक माणसं गेली आणि सुमारे साठ हजारांना घर सोडावं लागलं. दोन्ही बाजूंच्या लोकांना. शाळा, वसतिगृहं, सभागृहं यांच्या छावण्या झाल्या आणि काही आठवड्यांसाठी गेलेली माणसं वर्षं लोटली तरी तिथेच अडकली. एका सभागृहात दोऱ्या बांधून, त्यावर चादरी टाकून केलेल्या खोल्या. बाळंतपण तिथेच, पाळी तिथेच, मुलांचा अभ्यास तिथेच.

४ मे रोजी दोन बायकांची विवस्त्र धिंड काढली गेली. देशाला ते कळलं १९ जुलैला, व्हिडिओ बाहेर आल्यावर. मधले अडीच महिने त्यांचं दुःख कुणाच्या वहीत होतं? त्यानंतर ७ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं तीन निवृत्त महिला न्यायमूर्तींची समिती नेमली. अध्यक्ष गीता मित्तल, आणि सदस्यांत आशा मेनन यांच्यासोबत आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या शालिनी फणसळकर-जोशी. तपासावर देखरेखीसाठी महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्ता पडसलगीकर. मराठी माणसांवर हा विश्वास टाकला गेला, याचं बरं वाटलं. पण न्यायालयाला समिती नेमावी लागली, कारण देशांतर्गत विस्थापितांसाठीही आपल्याकडे वेगळा कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती तत्त्वंच राहिली.

नियम झाला की काय फरक पडतो, त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९९० मध्ये काश्मिरी पंडितांना खोरं सोडावं लागलं. सरकारी कागदांवर त्यांना 'मायग्रंट' म्हटलं गेलं, जणू ते आपखुशीनं निघाले होते. हा शब्द त्यांना आजही डाचतो. पण नव्वदच्या दशकात महाराष्ट्रानं त्यांच्या मुलांसाठी व्यावसायिक महाविद्यालयांत जागा राखून ठेवल्या. जम्मूच्या तंबूत वाढलेली मुलंमुली इथे शिकून इंजिनीअर झाली. कुणाच्या घरी जाऊन हात जोडावे लागले नाहीत, फॉर्म भरला आणि प्रवेश मिळाला. दया आणि हक्क यांतला फरक त्या फॉर्मएवढाच असतो.

"आपल्याच माणसांना पुरत नाही..."

भिशीत हा विषय निघाला तेव्हा माझी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, आपल्याच माणसांना पुरत नाही, आणि तू जगाला जेवायला घालायला निघालीस! त्यात कोण कुठला अतिरेकी असेल, कुणी सांगावं?" तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आसामसारख्या राज्यात या प्रश्नानं पिढ्या होरपळल्या आहेत. सीमा सांभाळायलाच हव्यात.

पण कायदा म्हणजे सगळ्यांना या म्हणणं नव्हे. कायद्यानं 'नाही'सुद्धा म्हणता येतं, आणि नीट म्हणता येतं. कोण खरा, कोण खोटा हे तपासायला अधिकारी लागतो, मुदत लागते, अपील लागतं. आज ते नाही, म्हणून खरा आणि खोटा दोघंही अंधारात सारखेच दिसतात. ज्याला नोंद करायची भीती वाटते तो लपतो, आणि लपलेला माणूस सुरक्षेच्या दृष्टीनंही वाईटच. शिवाय राहायला दिलं म्हणजे कायमचं दिलं असंही नाही. १९७१ मध्ये आलेले बहुतेक जण बांगलादेश झाल्यावर १९७२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत परत गेले. पोलिश माणसंही गेलीच.

घटनेचा थोडा आधार आहे. १९९६ मध्ये चकमा लोकांना अरुणाचलमधून हुसकावण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जगण्याचा हक्क देणारं २१ वं कलम नागरिक नसलेल्यालाही लागू आहे. पण ८ एप्रिल २०२१ रोजी रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं, की देशात राहू देण्याचा हक्क मात्र नागरिकालाच. म्हणजे जगू द्यायचं, पण इथेच राहू द्यायचं असं नाही. मग जिथे जीव जाणार आहे, तिथेच परत पाठवलं तर? या फटीत माणसं पडतात. ती बुजवायचं काम संसदेचं आहे. न्यायमूर्ती भगवती यांनी नव्वदच्या दशकात नमुना कायद्याच्या मसुद्यासाठी काम केलं. खासदार शशी थरूर यांनी २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. दोन्हींचं पुढे काही झालं नाही. निर्वासितांना मत नसतं ना!

त्या दिवशी बस्ता बांधून झाला. बिल करताना काकांनी जुन्या सवयीनं लाल वही उघडली. दुकानात कॉम्प्युटर आहे, तरी ते वहीतही लिहितात. भाचीनं विचारलं, "आजोबा, तुमच्या आईचं ते कार्ड अजून आहे?" ते म्हणाले, "आहे की. त्यावर आईचं नाव आहे ना. सिंध सोडल्यावर तिचं नाव पहिल्यांदा कुणी लिहून घेतलं, ते त्या कार्डावर."

गाडीत भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, माझं नाव मी लग्नानंतर नाही बदलणार." मी म्हटलं, "नको बदलूस. आणि कागद नीट सांभाळून ठेव."